डाव्या जबड्याखालचा भोवरा

।। श्री ।।
श्रावण शु. २, सोमवार

चि. बारक्यास अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पोचलं. आग विझवायला शिकवणाऱ्या तुमच्या त्या केंद्रात मोबाईल काढून घेतात हे बरंच झालं, निदान तुझं अक्षर तरी दिसतं. अजून मुंग्यांची रांगच आहे. दोराच्या चढाईत पहिला आलास ते मी दुकानात मोठ्यानं वाचून दाखवलं. खुर्चीतलं गिऱ्हाईक म्हणालं, अण्णा, हे तिसऱ्यांदा ऐकतोय. म्हटलं, चौथ्यांदा ऐक.

काल श्रावण लागला. वस्तरे पुसून, तेल लावून पेटीत ठेवले. महिनाभर कात्री चालेल, पण वस्तरा कुणाच्याच गालाला लागणार नाही, माझ्याही नाही. यंदाचा हा बत्तिसावा श्रावण. समोरचा सलूनवाला हसतो आणि आपली गिऱ्हाइकं ओढतो. ओढू दे. आजोबांनी खुर्ची माझ्या हाती देताना सांगितलं होतं की अकरा महिने पोटाचे, एक देवाचा. तूही दाढी राखली असशीलच. एक दिवस चुकवू नकोस.

आईची आठवण म्हणजे ‘वेळेवर जेव’, ती पोचवली. लोभ आहेच, पत्र मात्र लांब लिही.

तुझा अण्णा


शुक्रवार (तुमची श्रावण शु. ६)

ती. अण्णांस सा. न. वि. वि.

लांब लिहायला सांगितलंत, आता भोगा. आम्ही धुरात शिरतो तेव्हा पाठीवर हवेची टाकी असते आणि तोंडावर मास्क. मास्कची रबरी कड गालाला चिकटली नाही तर धूर आत येतो. ते तपासायची रीत सोपी आहे. नळीचं तोंड तळहातानं बंद करायचं आणि श्वास ओढायचा. मास्क चेहऱ्याला गच्च चिकटला तर पास.

काल सगळ्यांचे चिकटले, माझा नाही. उस्ताद, म्हणजे आमचे शिकवणारे, माझ्या दाढीत बोट घालून म्हणाले की हे काय जंगल राखलंय? मी श्रावण सांगितला. ते चिडले नाहीत, पण म्हणाले की धूर पंचांग बघत नाही. वद्य नवमीला, मंगळवारी शेवटची परीक्षा आहे. मास्क बसला नाही तर त्याच दिवशी सामान बांधून घरी.

अण्णा, मला इथं राहायचंय. इतकं काहीच हवंसं वाटलं नव्हतं मला. यंदापुरती दाढी करू का? तुम्ही हो म्हणालात तरच करीन. आईला नमस्कार, आणि दोन्ही वेळा जेवतो म्हणावं.

आपला
बारक्या


श्रावण शु. १०, मंगळवार

चि. बारक्यास आशीर्वाद.

नाही. रबर खराब असेल तर रबर बदलायला सांग. चार केसांनी अडतं तो मास्क कसला? वाटेल त्याच्या हातून नियम सुटतो, पण वस्तरा ज्याच्या घरचा त्यालाच तो आवरता यायला हवा. मला डोळे आले होते, लग्नसराईतली बोलावणी होती, तुझी आई बाळंतीण होती, तरी एकही श्रावण मोडला नाही. ताठ मानेनं हे सांगता येतं तेवढीच माझी कमाई आहे. ती तू उधळू नकोस.

आई हे वाचून स्वयंपाकघरात भांडी आपटते आहे. आपटू दे. राग नाही, पण उत्तर तेच.

अण्णा


शनिवार (श्रावण शु. १४)

ती. अण्णांस सा. न. वि. वि.

हे पत्र लिहायला हात धजत नाही. तुमचं ‘नाही’ वाचलं, दिवसभर खिशात ठेवलं आणि काल सकाळी दाढी केली. तुम्हाला न विचारता केली असती तर एक वेळ बरं, विचारून आणि नाही ऐकून केली. काय म्हणायचं ते म्हणा.

त्याहून वाईट पुढंच आहे. मास्क तरीही बसला नाही. डावीकडून कुठून तरी फुस्स करून हवा येते. आजवर माझी दाढी तुम्हीच केलीत. पंचवीस वर्षांचा घोडा, न्हाव्याचा मुलगा, आणि काल पहिल्यांदा स्वतःच्या गालावर पातं धरलं. सगळ्या बराकीला तीन दिवस पुरेल इतका विनोद झाला. आज पुन्हा केली, दोनदा कापलं, हवा येतेच. परीक्षेला दहा दिवस राहिलेत. तेलही गेलं, तूपही गेलं. तुमचा श्रावण मोडला आणि घरी यायची वेळही आली.

आईला हे सांगू नका. रागावलात तरी दोन ओळी पाठवा.

आपला
बारक्या


श्रावण व. ३, बुधवार

चि. बारक्यास अनेक आशीर्वाद.

परवा पत्र आलं आणि मी जेवलो नाही. आईनं विचारलं, उपास आहे का? मग तिनं पत्रच वाचलं, त्याला माझा इलाज नव्हता. काल सकाळी ते पत्र घेऊन इथल्या अग्निशमन केंद्रावर भांडायला गेलो. तिथले प्रमुख शांत गृहस्थ. त्यांनी माझं सगळं ऐकलं, मास्क माझ्याच तोंडावर चढवला, नळीवर माझा हात ठेवला आणि म्हणाले, ओढा श्वास. भसाभसा हवा आत आली. मग त्यांनी तोच मास्क स्वतःच्या तुळतुळीत गालावर लावला, तो असा चिकटला की काढताना आवाज झाला. म्हणाले, अण्णा, धूर असता तर तुम्ही तीन श्वासांत आडवे झाला असता.

बारक्या, माझ्या हट्टापायी मी तुला तसल्या धुरात पाठवत होतो. चुकलो. आई म्हणते, सुंभ जळला तरी पीळ न सोडणारा माणूस चुकलो म्हणाला, तारीख लिहून ठेवा.

आता कामाचं. सगळ्यात जास्त हवा कुठून आली ते मी बोटानं चाचपलं. डाव्या जबड्याच्या कोपऱ्याखाली, दोन बोटं कानाकडे, आपल्या घराण्याच्या दाढीत भोवरा आहे. आजोबांना होता, मला आहे, तुला आहे. तिथले केस गोल फिरतात. तू वरून खाली पातं ओढत असणार, ते नुसतं त्यांच्यावरून घसरतं. आधी गरम पाण्याचा टॉवेल पाच मिनिटं. कानाजवळची कातडी डाव्या हातानं वर ताण. मग तेवढ्याच जागी खालून वर, नंतर मानेकडून कानाकडे, हलक्या हातानं. दाबशील तर कापेल. शेवटी बोट उलटं फिरव, खरखर लागली तर पुन्हा. हे पान आरशाशेजारी चिकटव.

श्रावणाचं माझ्यावर सोड. स्पीडपोस्टानं पाठवतोय.

तुझा अण्णा


मंगळवार (श्रावण व. ९)

ती. अण्णांस साष्टांग नमस्कार, वि. वि.

चिकटला! इतका चिकटला की उस्तादांनी हात बाजूला करायला सांगेपर्यंत मी गुदमरायच्या बेतात होतो. मग धुरानं भरलेल्या खोलीत वीस मिनिटं काढली, पोत्याचा माणूस खांद्यावर टाकून बाहेर आणला, खोकला एकदाही आला नाही. तुकडीत राहिलो. शिवाय चौदा जणांत दुसरा आलो, दुकानात वाचायला हरकत नाही.

उस्तादांनी गालावरून बोट फिरवलं आणि विचारलं की दाढी कुणी केली? म्हटलं, वडिलांनी. ते कधी आले होते? म्हटलं, आले नाहीत, पत्रानं केली. त्यांनी ते पान मागून घेऊन वाचलं आणि म्हणाले, तुझ्या वडिलांना माझा सलाम कळव. तो कळवतो. अण्णा, मला रडू आलं.

तरी एक बोचतं. तुमचा नियम माझ्यामुळं मोडला. मोठं मन करा.

आपला
बारक्या


श्रावण व. १३, शनिवार

चि. बारक्यास अनेक उत्तम आशीर्वाद.

सलाम पोचला. दुकानात पाच वेळा वाचला, आईनं दोनदा वाचायला लावला ते वेगळं.

माझा नियम तू नाही मोडलास, मीच मोडला. त्या दिवशी इथल्या केंद्रावर पाहिलं तर चौघा जवानांच्या दाढ्या वाढलेल्या. दोघं श्रावणाचे, दोघं आळसाचे. दुसऱ्या सकाळपासून मी साडेसहाला तिथं वस्तरा घेऊन जातो, चौघांना ओळीनं स्टुलावर बसवतो आणि मग दुकान उघडतो. माझी दाढी मात्र आहे तशीच आहे, मला कुठं धुरात शिरायचंय? समोरचा सलूनवाला म्हणाला, काय अण्णा, बत्तिसावा श्रावण बुडाला का? मी दुकानाचं दार उघडलं, आणि मला वाईटही वाटलं नाही.

परवा दुपारी रंगाचं गोदाम पेटलं. आमचे चौघंही आत गेले. संध्याकाळी गाडी केंद्राकडे न वळता थेट माझ्या दारात थांबली. चौघं उतरले, कपाळं काळी, माना काळ्या, कपड्यांचा रंग ओळखू येईना. पण मास्क जिथं बसला होता तिथून आत, हनुवटीपर्यंत, चेहरे सकाळी मी सोडले होते तसेच स्वच्छ. एकेक जण खुर्चीपाशी वाकला आणि मी प्रत्येकाच्या गालावरून हात फिरवला. बत्तीस श्रावण देवापुढं हात जोडले, पण इतकं भरून कधी आलं नव्हतं.

तूही असाच बाहेर येत जा. लोभ आहे तो आहेच, गाल मात्र रोज बघत जा.

तुझा
अण्णा