सहावा मणी

१२ ऑगस्ट १९८४, पांढुर्णा
कुसुमला हाकललं. सावरगावहून नदी ओलांडून पायी आली, हातात एक पिशवी. तिचा पोरगा बबलू जाऊन दीड महिनाही झाला नाही. सासू देवकाबाई चार बायांसमोर म्हणाली, "तुयंच रक्त खराब. माया नातवाले खाल्लं त्यानं." नवरा गजानन ओट्यावर उभा.
सभांमधून मी परक्या बायांसाठी भांडते. ही तर माझी धाकटी बहीण. त्या घराला सोडणार नाही.

१९ ऑगस्ट
आठवडाभर नागपूरहून आणलेली पुस्तकं वाचते आहे. बबलूच्या कागदावर डॉक्टरांनी लिहिलं होतं — सिकलसेल. अर्थ कोणी सांगितला नव्हता.
रक्तातलं लाल प्रथिन म्हणजे मण्यांच्या साखळ्या. मण्याला मणी पक्क्या बंधानं जोडलेला. पण साखळीची घडी टिकते ती बारीक, ढिल्या बंधांवर. बबलूच्या साखळीत एकशे सेहेचाळीस मण्यांपैकी फक्त सहावा चुकीचा. पाण्यात रमणाऱ्या मण्याच्या जागी पाणी टाळणारा. तो आडोसा शोधत शेजारच्या प्रथिनाला चिकटतो, ते तिसऱ्याला. काड्या तयार होतात, गोल पेशी विळ्यासारखी वाकते, बारीक नसांत अडकते. हातपाय दुखतात म्हणून पोर रडायचं, ते हे.
एका ओळीखाली लाल शाईनं रेघ मारली — आजार व्हायला चुकीचा मणी आई आणि बाप, दोघांकडून यावा लागतो. एकाकडूनच आला तर मूल धडधाकट राहतं.
देवकाबाई, आता तुमच्या मुलाचं रक्त बोलेल!

२१ ऑगस्ट
गणपतीतलं माझं व्याख्यान ७ सप्टेंबरला, चौकात. मंडळाला विषय कळवला — 'रक्त कोणाचं खराब?' सावरगावचे लोक येतातच. गजाननच्या रक्ततपासणीचा कागद हातात धरून वाचीन, नावासकट.
कुसुमचं रक्त नागपूरला मामेभाऊ श्रीधरच्या लॅबमध्ये दिलं. गजाननचं कसं मिळवायचं?
कुसुम म्हणाली, "त्याईचं काहून तपासून राहिली, ताई? मीच वाईट म्हन ना. सोडून दे."
चिडले. म्हटलं, तुझ्या अशा बोलण्यानंच त्यांचं फावतं.

२७ ऑगस्ट
गोटमार. नदीच्या दोन काठांवरून पांढुर्णा आणि सावरगाव एकमेकांवर दगड फेकतात. दरवर्षी मी या दगडफेकीविरुद्ध बोलते, आणि दरवर्षी मलमपट्टीच्या मंडपात बसते. दुपारी गजाननला आणलं. कपाळ फुटलेलं, पांढुर्ण्याच्याच दगडानं. मला बरं वाटलं. लिहून ठेवते.
"हळू दाबा, ताई. तुमचा राग समजते मले." मग डोळे मिटून, "कुसुम जेवते का?"
मी पट्टी आवळून बांधली. रक्तगट पाहायला डॉक्टरांनी दोन नळ्या भरल्या, एकच लागली. दुसरी माझ्या थर्मासमध्ये, बर्फात.

२८ ऑगस्ट
सकाळच्या गाडीनं नागपूर. नळी घेताना श्रीधर म्हणाला, "त्याले विचारलं का?"
म्हटलं, कुसुमला हाकलताना तिला विचारलं होतं?

३ सप्टेंबर
कुसुमचा कागद आला. दोनांतली एक साखळी बिघडलेली. वाटलंच होतं. तिला समजावलं — एक वाटा तुझ्याकडून गेला, एक त्याच्याकडून. एकटी तू नाहीस. ती तांदूळ निवडत होती. निवडून झालेले पुन्हा सुपात घेतले आणि निवडत राहिली.
भाषण लिहून झालं. शेवटचं वाक्य आरशासमोर बारा वेळा म्हणून पाहिलं.

६ सप्टेंबर
गजाननचा कागद आला. स्वच्छ. दोन्ही साखळ्या चांगल्या. श्रीधरनं दोनदा तपासलं, तसं लिहिलंय.
आधी वाटलं, देवकाबाई जिंकली. मग लाल शाईची ती ओळ आठवली. आई आणि बाप, दोघांकडून. कुसुमकडून एक. दुसरा बापाकडूनच यायला हवा. आणि गजाननकडे तो नाहीच.
कागद चुलीत घातला. भाषणही.

७ सप्टेंबर
गळा बसला म्हणून मंडळाला कळवलं. कुसुमनं विचारलं, "त्याईचं काई आलं का?" म्हटलं, नळी गाडीतच खराब झाली. तिनं कोमट पाण्यात मीठ घातलं आणि गुळण्यांसाठी पेला माझ्या हातात दिला. गळा बरा आहे, हे तिला ठाऊक होतं.