लिफ्टवाल्या बाईंचा रजेचा अर्ज

ती. वन्संना,

साष्टांग नमस्कार. तुमचे गुडघे कसे आहेत? (मागच्या पत्रात डावा दुखत होता, त्याआधी उजवा. आळीपाळीने दुखतात म्हणजे दोघांत समजूतदारपणा आहे.) आम्ही ठीक. माझी एक दाढ मात्र तीन आठवडे ठणकतेय, आणि दातांच्या डॉक्टरांना फक्त गुरुवारी चार ते पाच वेळ असतो. नेमकी तीच वेळ मला मोकळी नाही. का, ते सांगते, कारण तुम्हीच विचारलं होतंत की दिवसभर घरीच असतेस, मग पत्राच्या उत्तराला दोन महिने कसे लागतात.

तुमच्या भाचीला ऑटिझम आहे हे तुम्ही जाणताच, पण तिचं वेळापत्रक तुम्ही पाहिलेलं नाही. सकाळी फ्रॉकची टोचणारी लेबलं उसवायची, दात घासताना दोनशेपर्यंत आकडे मोजायचे (एकशे नव्वदला शिंक आली की पुन्हा पहिल्यापासून), निळ्या ताटलीत भात आणि भाताला न टेकलेलं दही. मग थेरपी. तिथल्या बाकावर आम्ही सगळ्या आया बसतो. एकीचा लेक वॉशिंग मशीन फिरताना बघतो, त्यामुळे तिच्याकडे धुतलेलेच कपडे पुन्हा धुतात. दुसरीच्या लेकीला लाल बसच लागते. ती बिचारी रोज तीन निळ्या बस सोडते. आणि आमच्या बाईसाहेबांना लागते लिफ्ट.

रोज चार ते पाच, घरामागच्या ऑफिसांच्या सात मजली इमारतीत. बटणं तिने दाबायची, मी दाराशी उभं राहून मजला पुकारायचा. चुकलं की तळमजल्यापासून पुन्हा. वॉचमनकाका भले, त्यांनी कधी हटकलं नाही. पण आठ महिने रोज एक बाई दाराशी उभी राहून "चौथा मजलाऽ" म्हणतेय म्हटल्यावर लोक काय समजणार? फायली घेऊन येणारे नुसतं "पाचवा" म्हणून मोबाइलमध्ये डोकं घालतात. एका साहेबांनी तर लिफ्टमधला पंखा पुसायला सांगितला. मी पुसला. (तुमच्या भावाला सांगू नका, घरातला पंखा तसाच आहे.)

गेल्या महिन्यात हिला ताप आला आणि आम्ही तीन दिवस गेलो नाही. चौथ्या दिवशी इमारतीच्या मॅनेजरांनी मला टेबलाशी बोलावलं. समोर दोन लेखी तक्रारी: लिफ्टवाल्या बाई न सांगता गैरहजर! मी म्हटलं, अहो, मी तुमची नोकर नाही, मी हिची आई. त्यांनी रजिस्टर पुढून मागून चाळलं, डोकं खाजवलं आणि म्हणाले, "ते असू द्या हो. पण पुढच्या वेळी अर्ज देत चला."

वन्सं, मी हसत सुटले आणि हसता हसता रडूच आलं. हिच्या जन्मापासूनच्या नऊ वर्षांत मी कुठेतरी नव्हते हे पहिल्यांदा कुणाच्या लक्षात आलं! घरी मला ताप असला तरी माझी हजेरी लागतेच. मग मीही इरेला पेटले. कोऱ्या कागदावर अर्ज केला, दाढ काढण्यासाठी गुरुवारी एक तास रजा मिळावी. सही-शिक्क्यासकट मंजूर झालाय. खाली एकच अट: बदली माणूस द्यावा.

तुमच्या भावाने परवा बदलीवर जाऊन पाहिलं. दुसऱ्या मजल्याला तिसरा म्हणाले. पाऊण तास तळमजल्यावरच होते.

थोरांना नमस्कार, गुडघ्यांना आराम.

तुमची लिफ्टवाली भावजय

ता. क. बदली माणूस म्हणजे तुम्ही. बुधवारी या. लिफ्टच्या कोपऱ्यात स्टूल ठेवायची परवानगी मी आधीच काढलीय, गुडघ्यांचं कारण देऊन. मजले सावकाश पुकारा. सातव्याला पोहोचलात की ती तुमच्या हाताची बोटं मोजेल. मोजू द्या. परक्यांची ती मोजत नाही.

आणखी एक. दाढेचं खोटं आहे, ती गेल्या वर्षीच काढली. पण नुसतं बसायला रजा कोण देतं? इमारतीसमोर झाडाखाली एक बाक आहे, तिथे मला तासभर बसायचंय, एवढंच. दहा मिनिटांत मी लिफ्टच्या दारात डोकावले, तर मला आत घेऊ नका.