छावणीचा पत्ता

दिलीपमामा,

युद्धातून पळालेल्यांच्या छावणीला पाठवायच्या म्हणून तुम्ही घरोघरी गोधड्या मागितल्यात. मला शंका होती. आईच्या गोधडीत मी ट्रॅकर शिवला. तो तळवलीत, तुमच्याच चाळीत थांबला. तुम्ही गोधड्या भाडेकरूंना विकता, असं धरूनच मी तिथे आले.

दार एका परक्या बाईने उघडलं. तिच्या कडेवरचं बाळ आईच्या गोधडीत गुंडाळलेलं होतं. मागून तुम्ही म्हणालात, "बघतेस काय, पोरी? छावनी हीच हाय. कोनाला बोललीस, तर यांना उचलून नेतील."

तुम्हीही माझ्यावर संशय घेतलात. तो रास्तच होता.

ट्रॅकर मी तिथेच उसवून काढला. हे पत्रही पाठवणार नाही. पाकिटावर तुमचा पत्ता लिहावा लागेल.

तुमची भाची,
मनस्वी