भाचीचं काम

सिंगापूर, १२ मार्च २००६

प्रिय मनोहर,

शाळेतून येताना आपण ओढ्यात पाय सोडून एक पेरू दोघांत खायचो, आठवतं? तुझा गुडघा कसा आहे?

तुझी श्रिया कॅनडाहून येऊन इथे चार दिवस राहिली. नीट जेवते. परवा ह्यांच्या बँकेतली मंडळी जेवायला होती. तिचं काम ठाऊक असूनही मी म्हटलं, "भाची तिकडे बँकेत आहे."

ती शांतपणे म्हणाली, "नाही आत्या, मी ओढ्यांत मोठे ओंडके टाकते. त्यांच्या आडोशाला सॅमन माशांची पिल्लं तगतात."

मला मान वर करवेना. नंतर तिने माझ्याबरोबर भांडी विसळली, पण माझ्याने माफी मागवली नाही.

उद्या ती तुमच्याकडे यायला निघेल. तिच्या बॅगेतली शाल वहिनीला, चहा तुला. टपालाने येणारं हे पत्र मात्र श्रियाला दे.

तुझी,
ताई