इद्दतीतली पेटी

८ फेब्रुवारी, शनिवार

केली विभागणी! एकटीने. सुदेशशिवाय.

मोठी पेटी मधमाश्यांनी उतू चालली होती. आणखी थांबले असते तर निम्म्या माश्या उडून गेल्या असत्या. म्हणून धैदच्या फार्मवर गेले, अर्ध्या चौकटी काढून नव्या पेटीत लावल्या आणि ती पेटी लांब, गाफच्या झाडाखाली मांडली. राणी जुन्या पेटीतच राहिली. मागच्या वर्षी सुदेशने तिच्या पाठीवर माझ्या ऑफिसातल्या व्हाइटनरचा ठिपका लावला होता — तो दिसला मला, ओझरता. नीट नाही बघितलं. तोंडावरच्या जाळीच्या आत डोळे पुसता येत नाहीत, हे आज कळलं.

आता नव्या पेटीतल्या माश्यांनी आपली राणी आपणच घडवायची. तोवर बिनराणीच्या. नोव्हेंबरात सुदेश गेला, तेव्हापासून मी आहे तशाच.

९ फेब्रुवारी

पाठ धरली आहे. चोळून द्यायला कोणी नाही.

१५ फेब्रुवारी

कुशल पुन्हा सुरू झाला. "आई, व्हॉट इज द प्लॅन?" त्याला टोरँटोची नोकरी मिळाली आहे, जूनमध्ये जायचंय, आणि मला इथे आखातात, डिस्कव्हरी गार्डन्सच्या या फ्लॅटमध्ये एकटी सोडून जायला लेक तयार नाही. "पुण्याला मावशी आहे ना. यू कान्ट मॅनेज हिअर अलोन."

म्हटलं, उन्हाळ्याआधी सांगते. मनातलं सांगितलं नाही. मनात ठरवून टाकलंय — ती नवी पेटी राणी गेल्यावरही उभी राहिली, तर मी पण इथे राहीन. नाही राहिली तर खलास, पुण्याला. वेडेपणाच आहे. पण मला वेड्यात काढणारा आता आहे कुठे?

२२ फेब्रुवारी

नवी पेटी उघडायला निघाले तर मरियमबीने हातच धरला. ती रत्नागिरीकडची, ती आणि तिचा नवरा फार्म सांभाळतात.

"भाभी, ती पेटी इद्दतीत बसलीय. आमच्यात नवरा गेला की बाई घरात बसते. दार उघडून कोण बघतो तिला? बसू दे."

मी हसले, मग रडले, मग ती पण! मला कुठे बसायला मिळालं? तेरावं झालं आणि दुसऱ्या दिवशी हमरियाच्या ऑफिसात हजर. साहेब म्हणाले, "यल्ला, लाइफ गोज ऑन." चांगल्या मनानेच म्हणाले.

उघडली नाही पेटी. निघताना मरियमबी म्हणाली, मोठ्या पेटीतून शिट्टीसारखं काहीतरी ऐकू येतंय. वारा असेल.

८ मार्च

अंडी! गाफखालच्या पेटीत अंडी! म्हणजे नवी राणी झाली. मरियमबीचा रोजा, तरी तिने मला बळेच चहा पाजला. घरी येताना गाडीत मोठ्याने "सुदेश, अंडी!" म्हटलं. मग गाडी बाजूला घ्यावी लागली.

२९ मार्च

वाढ नाही. अंडी आहेत, पण मूठभर. सांभाळायला माश्याच कमी. साखरपाणी देते, मुंग्या चढू नयेत म्हणून पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवते, सावलीला गोणपाट बांधलं.

आणि मोठीवर वरचा मजला चढवावा लागला! तिच्या दाराशी नुसती झुंबड. आत डोकावलेही नाही. जिच्याकडे राणी आहे तिचं काय बिघडतंय? राग आला तिचा. पेटीचा राग!

१२ एप्रिल

तशीच.

१९ एप्रिल

गाफखाली बसून बोलत राहिले तिच्याशी. वाढ गं बाई. तुला काय कमी करते मी? ऊन तापायला लागलंय, अशी मूठभर राहिलीस तर उन्हाळा कसा काढशील?

कुशल आला होता सोबत. झाकण उचलून बघितलं त्याने. "आई, इट्स डाइंग. लेट इट गो." बोलला हळूच, पण लागलं. परतताना एमिरेट्स रोडवर मग त्याने विचारलं, "तिकीट बघू?"

हो म्हटलं.

२६ एप्रिल

तिकीट काढलं. त्याचं टोरँटोचं, माझं पुण्याचं. एकाच दिवशी.

सुदेशचं इथे उरलंय काय? दोन पेट्या. एक कोणीही सांभाळेल, दुसरी मरेल. सकाळपासून रडू थांबत नाही. त्याचा तो जाळीवाला टोप कपाटात ठेवू की देऊन टाकू, एवढंही ठरवता येत नाही.

३ मे, शनिवार

गाफखालची लहान पेटी मोठीत मिसळून टाकायची होती. दोन राण्या एका पेटीत राहत नाहीत, म्हणून आधी लहानीतली शोधून काढायची. शेवटच्या चौकटीवर सापडली. थकलेली, संथ. पाठीवर पांढरा ठिपका.

सुदेशचा.

लांब गेले, जाळी काढली, डोळे पुसले, परत येऊन बघितलं. ठिपकाच! चौकटी हलवताना तीच इकडे आली असणार; इतके दिवस मी त्याच्याच राणीला साखरपाणी घालत होते. इद्दतीत ही बसलीच नव्हती. बसली होती ती मोठी — कोणी विचारपूस न करता. आणि आपली राणी घडवून तीच भरली; ती शिट्टी वाऱ्याची नव्हती, त्या नव्या राणीची होती.

दोन्ही पेट्या होत्या तिथेच ठेवल्या. कुशलला फोन केला. म्हटलं, तुझं एकट्याचंच तिकीट ठेव.