एव्हराल्डने छापलेल्या पत्रिकेच्या पाठीवर

मी, इसिल्डा मॉड फेरॉन, वय एक्क्याऐंशी, धंदा कसावाच्या भाकऱ्या म्हणजे बॅमी भाजून विकणे, राहणार कॅलबॅश पीस, परगणा सेंट एलिझाबेथ, जमैका, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके शाबूत आहे. गुडघे नाहीत, पण सहीला गुडघे लागत नाहीत. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. आणणारा अजून जन्मायचा आहे.

कागदाबद्दल खुलासा करते. हा मजकूर माझ्याच अंत्यविधीच्या छापील पत्रिकेच्या कोऱ्या पाठीवर लिहिला आहे. फेब्रुवारीत मी इस्पितळात होते, तेव्हा माझा मुलगा एव्हराल्ड, आमच्या चर्चमधला डीकन म्हणजे पाळकांच्या हाताखालचा पुढारी, याने मी जाणारच असे धरून तीनशे प्रती छापून घेतल्या. मी बरी होऊन घरी निघाले, तर गट्ठा त्याच्या गाडीच्या मागच्या सीटवर. मृत्यूची तारीख तेवढी रिकामी.

"मम्मा, ईस्टरच्या आधी छापखान्यात किती गर्दी असते!" म्हणाला.

आत मथळा आहे: एका भक्तिमान ख्रिस्ती आईच्या व आजीच्या जीवनाचे स्मरण. खाली लिहिले आहे की ती मृदुभाषी होती. कॅलबॅश पीसमध्ये कोणालाही विचारा. मुलाने शेवटपर्यंत सेवा केली, असेही आहे. त्याने द्राक्षे आणली, माझ्यासोबत फोटो काढला आणि जाताना द्राक्षे खाल्ली.

कलम पहिले. उरलेल्या दोनशे नव्व्याण्णव प्रती एव्हराल्डला द्याव्यात.

कलम दुसरे. त्याची नाळ ज्या आंब्याखाली पुरली तो आंबा त्याचा. झाड त्याचे, जमीन नाही. फळे उतरवायला फाटकातून यावे आणि केरीनला विचारून यावे. पाहुण्यांसाठी बंगला बांधणाऱ्या कोणा माणसाला घेऊन तो दोनदा माझे अंगण मोजून गेला. दुसऱ्या वेळी मी मोजायची फीत खुराड्यात फेकली. ती अजून तिथेच आहे, हवी तर तीही त्याची.

कलम तिसरे. घर, सगळी जमीन, चूल, बॅमी थापायची चारही लोखंडी कडी आणि बँकेत असेल ते, हे सर्व केरीनचे. केरीन ही माझ्या मेलेल्या मुलीची, वेरोनाची मुलगी. पत्रिकेत नातवंडांची पाच नावे आहेत. केरीनचे नाही. मी एव्हराल्डला बोट ठेवून विचारले, "हिचं नाव कुठंय?"

"मम्मा, हे चर्चमध्ये मोठ्यानं वाचायचं असतं. लोक काय म्हणतील?"

लोक काय म्हणतील ते मला माहीत आहे, मी त्याच लोकांतली आहे. केरीन एकोणीस वर्षांची असताना, लग्न न होता पोटुशी राहिली. आमच्या चर्चच्या रिवाजाप्रमाणे सर्वांपुढे तिचे नाव पुकारले, गायनमंडळातून काढले आणि मागच्या बाकावर बसवले. पोटातल्या पोरीचा बाप त्या रविवारी पुढे बसून ड्रम वाजवत होता. उभे राहून माफी मागितली की बाक सुटतो. केरीनने सात वर्षे मागितली नाही. हट्टात ती माझ्यावर गेली आहे.

इस्पितळातून आल्यापासून मला उचलते ती, आंघोळ घालते ती. "आजी, पाय इकडे कर, नखं कापू दे. असली नखं बघून देवदूत पळून जातील," म्हणते.

कलम चौथे. अंत्यविधीला पुढच्या बाकावर डाव्या टोकाची माझी जागा केरीनला द्यावी, शेजारी तिची मुलगी झारिया. माझी पांढरी हॅट झारियाची. डोळ्यांवर आली तरी चालेल. एव्हराल्ड व इतर डीकन मागच्या बाकावर बसतील. स्मरण केरीन वाचेल. पाळकांना मान्य नसेल तर मला चर्चमध्ये नेऊच नये. अंगणात वेरोनाशेजारी जागा आहे, तिथून देवाला मी दिसेन.

कलम पाचवे. स्मरणाचे पहिले वाक्य मी देत आहे. ते कोणी बदलू नये:

"केरीनला मागे बसवावे काय, असे पाळकांनी विचारले, तेव्हा सर्वांत आधी वर गेलेला हात तिच्या आजीचा होता."

हे खरे आहे. त्या दिवशी घरी आल्यावर मी तिला जेवायला वाढले नाही. सात वर्षे मी पुढे बसले आणि एकदाही मागे वळून पाहिले नाही. माझी पाठ चोळतानासुद्धा केरीनने हा विषय काढलेला नाही. एव्हराल्डला मी नावे ठेवते, पण त्याने तिला पत्रिकेतून गाळले ते माझ्याकडूनच शिकून. मला लाज वाटते. तोंडाने म्हणवत नाही, म्हणून लिहिले.

कलम सहावे आणि शेवटचे. केरीनला पुढे बसायचे नसेल तर तिला कोणी आग्रह करू नये. मग माझी शवपेटी उचलून मागच्या बाकापाशी नेऊन ठेवावी.

सही: इसिल्डा मॉड फेरॉन

आम्हा दोघांसमोर तिने सही केली आणि मग आम्ही तिच्यासमोर केली:
१. ओरलीन टॅफ, निवृत्त शिक्षिका. (त्या रविवारी माझाही हात वर होता. ओ. टॅ.)
२. लिनवल डॅकर्स, टॅक्सीचालक

स्थळ: कॅलबॅश पीस, माझा ओटा
दिनांक: १४ जून २०१९