आईचा लॅपटॉप आणि तो डावा कोपरा

शुक्रवार, संध्याकाळ. रहाटणी.

दादावरचा राग जात नाही. आईच्या लॅपटॉपवरचं लिनक्सचं जुनं, साधं डेस्कटॉप त्याने न विचारता काढून ग्नोम नावाचं नवं डेस्कटॉप टाकलं. दिसायला छान, म्हणे! उघडलेल्या खिडक्या दाखवणारी खालची पट्टीच गायब. आणि माउसचा बाण वरच्या डाव्या कोपऱ्यात गेला की उघडलेलं सगळं लहान होऊन पसरतं. आईचा हात थरथरतो, बाण नेमका त्याच कोपऱ्यात जातो. बुद्धविहारात करायचं तिचं भाषण अर्धंच टाइप झालंय. आज म्हणाली, "माझं डोकंच चालत नाही गं आता."

तिचं डोकं?

दादाला फोन केला. "होईल सवय," म्हणाला.

"थरथरत्या हाताला कसली सवय लावतोस?" म्हणून फोन आपटला.

मीच जुनं डेस्कटॉप परत बसवून दिलं. आई बसली लिहायला. पण प्रत्येक क्लिकआधी माझ्या तोंडाकडे बघत होती.